सेव्हचं बटण एकच असू द्या, आणि ठेवलेलं परत सापडू द्या

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका अ‍ॅपमध्ये लेख, ऑडिओ आणि व्हिडिओ असं तिन्ही आहे. आवडलेली गोष्ट ठेवून द्यायला आज चार रस्ते आहेत: कार्डावर हृदय, उघडलेल्या पानावर वाचनखूण, तीन टिंबांच्या मेनूत 'नंतर पाहा', आणि शेअरच्या शेजारी 'यादीत टाका'. फार थोडे लोक यातलं काही वापरतात, आणि जे वापरतात त्यांची तक्रार येते की ठेवलेलं सापडत नाही. यातलं काय ठेवावं, काय काढावं?

बटणांपासून सुरुवात करू नका, यादीपासून करा. माणूस एखादी गोष्ट सेव्ह करतो ती ती परत मिळावी म्हणून. दोनदा शोधून मिळाली नाही की तिसऱ्यांदा तो बटणाला हात लावत नाही. तुमच्याकडे वापर कमी असण्याचं कारण बहुधा तुमच्याकडे आलेल्या तक्रारीतच आहे. त्या दोन वेगळ्या अडचणी नाहीत.

मी बरीच वर्षं अ‍ॅपच्या वापराच्या चाचण्या घेत आले आहे आणि या विषयावर एक प्रश्न प्रत्येक वेळी विचारते: "गेल्या महिन्यात तुम्ही ठेवून दिलेली एखादी गोष्ट मला दाखवाल का?" एका वाचन-अ‍ॅपच्या चाचणीत एका बाईंनी काय केलं ते अजून डोळ्यांसमोर आहे. त्यांनी आधी प्रोफाइल उघडलं. तिथून सेटिंगमध्ये गेल्या. परत आल्या, 'इतिहास' पाहिला. मग शोधपट्टीत लेखाच्या शीर्षकातला आठवेल तो शब्द टाकला. ते जमेना तेव्हा त्यांनी अ‍ॅप बंद केलं, फोनची गॅलरी उघडली आणि लेखाचे सहा स्क्रीनशॉट दाखवले. "हे बघा, आहे माझ्याकडे," असं म्हणताना त्यांना हायसं वाटलं होतं. त्या लेखाला त्यांनी हृदयही दिलेलं होतं. ते नंतर आम्ही सर्व्हरवर पाहिलं.

स्क्रीनशॉट हा तुमच्या सेव्ह बटणाचा खरा प्रतिस्पर्धी आहे. तो का जिंकतो ते नीट पाहिलं की अर्ध्या प्रश्नाचं उत्तर मिळतं. कुठलंही अ‍ॅप असो, कुठलंही पान असो, दाबायची क्रिया तीच. ती कुठलाही प्रश्न विचारत नाही. लॉगिन मागत नाही. घेतल्याक्षणी कोपऱ्यात छोटं चित्र दिसतं, म्हणजे पावती हातात. आणि तो कुठे गेला हे प्रत्येकाला पाठ असतं. स्क्रीनशॉटमधल्या लेखात पुढे वाचता येत नाही, व्हिडिओ चालत नाही, महिन्याभरात तो इतर फोटोंच्या ढिगात गडप होतो. तरीही लोक तोच घेतात, कारण घेताना तो कधी दगा देत नाही. तुमच्या सेव्हला या पाचही बाबतींत निदान त्याच्या बरोबरीला यायचं आहे. पुढचं सगळं त्याचंच सविस्तर आहे.

आता चार रस्त्यांचं काय करायचं. ते चार का झाले हे आधी समजून घ्या, कारण प्रत्येकामागे वेगळा हेतू आहे. "छान आहे" असं लिहिणाऱ्याला कळवणं हा एक. "आत्ता वेळ नाही, संध्याकाळी बघतो" हा दुसरा. "हे कायम माझ्याजवळ हवं" हा तिसरा. "हे त्या अमुक कामासाठीच्या गठ्ठ्यात जायला हवं" हा चौथा. चारही हेतू खरे आहेत. पण त्यासाठी चार बटणं लावली की ऐन वेळी, बोट पडद्याच्या वर असताना, माणसाला स्वतःच्या मनाची वर्गवारी करावी लागते. तिथेच तो सोडून देतो.

यातला एकच हेतू बाकीच्यांपासून मुळातून वेगळा आहे: दाद देणं. दाद दुसऱ्यासाठी असते, ठेवणं स्वतःसाठी. हे दोन्ही एका बटणात कोंबलं की काय होतं ते ट्विटरवर सगळ्यांनी पाहिलं आहे. तिथे आधी तारा होता आणि त्याचं नाव 'फेव्हरिट' होतं. कोणी तो कौतुक म्हणून द्यायचं, कोणी "तुमचं उत्तर वाचलं" अशी पोच म्हणून, तर कोणी नंतर वाचायच्या दुव्यावर खूण म्हणून. नोव्हेंबर २०१५ मध्ये तारा जाऊन हृदय आलं आणि नाव 'लाइक' झालं. खूण म्हणून तारा वापरणाऱ्यांची तेव्हा पंचाईत झाली, कारण वाचायचं राहिलेल्या मजकुरावर हृदय दिलं की ते पसंती म्हणून जगाला दिसायचं. फेब्रुवारी २०१८ मध्ये 'बुकमार्क्स' आले, खाजगी, दुसऱ्या कोणाला न दिसणारे. इन्स्टाग्रामने डिसेंबर २०१६ मध्ये सेव्ह आणलं तेव्हा हृदयाला हात न लावता वेगळी वाचनखूण दिली, तीही खाजगी. माझ्या मते ती मांडणी पहिल्यापासूनच बरोबर होती.

तेव्हा स्वतःला विचारा: आपल्या अ‍ॅपमध्ये हृदय दिल्याचं दुसऱ्या कोणाला दिसतं का? लेखकाला कळतं का, आकडा झळकतो का? नसेल तर हृदय काढा. ते फक्त वाचनखुणेचं दुसरं रूप आहे आणि गोंधळाचं मूळ तेच आहे. दिसत असेल तर राहू द्या, पण त्याला ठेवण्याच्या कामातून पूर्ण मोकळं करा. हृदय दिलेल्या गोष्टींची यादी सेव्हच्या यादीत मिसळू नका, आणि दोन्ही चिन्हं एकमेकांना खेटून बसवू नका.

चिन्ह कोणतं घ्यावं यावर लोक तासन्‌तास वाद घालतात, पण चिन्हाला भावना असते हे मात्र खरं. राहायला घरं भाड्याने देणाऱ्या एअरबीएनबीने २०१२ च्या सुमारास आवडत्या घरांसाठीचा तारा बदलून हृदय केलं आणि वापर ३० टक्क्यांनी वाढल्याचं त्यांच्या मंडळींनी सांगितलं. राहायला जायचं घर ही हौसेची गोष्ट आहे, हृदय तिथे शोभतं. पण तुमच्याकडे लेख आहेत, आणि लेख आजारावर असतो, अपघातावर असतो, कोणाच्या जाण्यावर असतो. अशा मजकुरावर हृदय दाबताना हात अडखळतो. चाचणीत मी हे अनेकदा पाहिलं आहे: बोट जवळ जातं, थांबतं, मागे येतं. "हे आवडलं असं कसं म्हणू?" वाचनखुणेला असा प्रश्न पडत नाही. म्हणून तुमच्यासाठी वाचनखूण, आणि तिच्याजवळ जिथे जागा असेल तिथे 'सेव्ह' हा शब्द. पिंटरेस्टनेसुद्धा स्वतःचा इतका गाजलेला 'पिन इट' हा शब्द २०१६ मध्ये सोडून साधा 'सेव्ह' घेतला. जगभरच्या लोकांना 'पिन' म्हणजे काय हे समजावून सांगण्यापेक्षा ते सोपं होतं.

राहिले तीन हेतू: नंतर, कायम आणि गठ्ठा. यांच्यासाठी एकच बटण पुरतं. 'नंतर पाहा' आणि 'आवडतं' यातला फरक माणसाला विचारायची गरजच नाही, कारण तो अ‍ॅपला आधीच माहीत असतो. लेख शेवटपर्यंत वाचला गेला की नाही, ऑडिओ कितव्या मिनिटाला थांबला, व्हिडिओ सुरू तरी केला का, ही नोंद तुमच्याकडे आहेच. न पाहता ठेवलेली गोष्ट म्हणजे 'नंतर'. पाहून झाल्यावर ठेवलेली, किंवा पाहूनही यादीतून न काढलेली, म्हणजे 'आवडती'. तेव्हा एकाच यादीत वर दोन गाळण्या (फिल्टर) द्या: 'बाकी आहे' आणि 'पाहून झालं'. संध्याकाळी लेख वाचून झाला की तो आपोआप दुसरीकडे सरकतो. माणसाने काहीच करायचं नाही. जे यंत्राला कळतं ते माणसाकडून विचारून घेऊ नका. या सगळ्या कामात मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट हीच आहे.

गठ्ठ्याचा, म्हणजे संग्रहांचा, प्रश्न वेगळा आहे. ते हवे असणारे लोक थोडे असतात, पण ते तुमचे सर्वांत निष्ठावान लोक असतात. त्यांचं काढून घेऊ नका. फक्त त्यांच्यासाठीचा प्रश्न बाकी सगळ्यांपुढे टाकू नका. इथे आणखी एका चाचणीची गोष्ट सांगते. त्या अ‍ॅपमध्ये सेव्ह दाबलं की खालून अर्धा पडदा वर यायचा: "कोणत्या संग्रहात ठेवायचं?" खाली संग्रहांची नावं आणि 'नवीन संग्रह'. एका तरुण मुलाने वाचनखूण दाबली, पडदा आला, त्याने तो सवयीने खाली सारून घालवला आणि वाचत पुढे गेला. त्याच्या दृष्टीने काम झालं होतं. अ‍ॅपच्या दृष्टीने त्याने रद्द केलं होतं. आठवड्याने त्याला परत बोलावलं तेव्हा तो यादी वरखाली करत होता आणि म्हणत होता, "मी तर ठेवलं होतं." त्याने खरंच ठेवलं होतं. चूक आमच्या बाजूची होती आणि दोष त्याने स्वतःला दिला. ते बघवत नाही.

म्हणून पहिल्या स्पर्शाला गोष्ट ठेवली गेलीच पाहिजे, विनाअट. क्रम असा ठेवा. बोट लागताक्षणी पोकळ खूण भरीव व्हावी, सर्व्हरच्या उत्तराची वाट न बघता. साधारण ०.१ सेकंदाच्या आत झालेली हालचाल माणसाला 'लगेच' वाटते, त्याहून उशीर झाला की तो पुन्हा दाबतो. त्याबरोबर तळाशी एक छोटी पट्टी यावी: "सेव्ह झालं", आणि तिच्या उजव्या टोकाला "संग्रह निवडा". ज्याला निवडायचं तो निवडेल. बाकीच्यांसाठी पट्टी आपोआप जाईल. गूगलच्या 'मटीरियल' या डिझाइन-मार्गदर्शनात अशा पट्टीसाठी ४ ते १० सेकंद सांगितले आहेत. मी वरच्या टोकाच्या जवळ राहते, कारण वाचणाऱ्याची नजर मजकुरावर असते, तळाशी नसते. स्पॉटिफायने फेब्रुवारी २०२३ मध्ये हृदय आणि 'प्लेलिस्टमध्ये टाका' या दोन चिन्हांचं मिळून एकच अधिकचं चिन्ह केलं, त्यात हीच कल्पना आहे: पहिल्यांदा दाबलं की गाणं आवडत्यांत जातं, पुन्हा दाबलं की कोणत्या प्लेलिस्टमध्ये ठेवायचं ते निवडता येतं.

दुसऱ्यांदा दाबल्यावर काय व्हावं यावर मात्र माझं मत त्यांच्याहून थोडं वेगळं आहे. गाण्यांच्या अ‍ॅपमध्ये प्लेलिस्ट हा जीव आहे, तिथे ते चालतं. वाचनाच्या अ‍ॅपमध्ये भरीव खूण पुन्हा दाबणाऱ्याला बहुतेक वेळा ती काढायचीच असते. तेव्हा काढा, आणि पट्टीवर "परत ठेवा" द्या. "नक्की काढायचं का?" असं विचारणारी चौकट मात्र नको. चूक उलटवता येत असेल तर परवानगी मागण्याचं कारण उरत नाही. एक काळजी घ्या: ती गोष्ट माणसाने एखाद्या संग्रहात मुद्दाम लावलेली असेल तर "परत ठेवा" दाबल्यावर ती त्याच संग्रहात, त्याच जागी परत यायला हवी. हे बहुतेक ठिकाणी विसरलं जातं आणि गोष्ट यादीच्या माथ्यावर उगवते.

लांब दाबणं, बाजूला सरकवणं, दोनदा टिचकी मारणं हे सगळं जवळचा रस्ता म्हणून असू द्या, एकमेव रस्ता म्हणून कधीही नको. दिसत नाही ते बहुतेकांना सापडत नाही.

जागेचं आणि आकाराचं थोडक्यात. कार्डावर आणि आतल्या पानावर खूण एकाच कोपऱ्यात हवी. लेखात, ऑडिओत, व्हिडिओत तिची जागा बदलू नये. अ‍ॅपल स्पर्शासाठी ४४ बाय ४४ पॉइंट सांगतं, अँड्रॉइडसाठी ४८ बाय ४८ डीपी (दोन्ही पडद्यावरची मापं), आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेली वेब अ‍ॅक्सेसिबिलिटीची (अपंगांनाही वेबसाइट वापरता यावी यासाठीची) २.२ ही मार्गदर्शक तत्त्वं किमान २४ बाय २४ पिक्सेल मागतात. चिन्ह दिसायला २४ चं असलं तरी स्पर्शाची जागा भोवती वाढवता येते, ती वाढवा. कार्डावर हे विशेष महत्त्वाचं, कारण तिथे नेम चुकला की सेव्ह होण्याऐवजी लेखच उघडतो, आणि परत आल्यावर यादी वरपासून सुरू झाली की माणूस वैतागतो.

लॉगिनची भिंत सेव्हच्या आड उभी करू नका. बटण दाबल्यावर थेट नोंदणीचा अर्ज आला की बहुतेक जण मागे फिरतात, आणि जे अर्ज भरतात त्यांना परत आल्यावर दिसतं की मूळ लेख ठेवलाच गेला नाही. पाहुण्यालाही ठेवू द्या, त्याच्या फोनवरच. तीन-चार गोष्टी साठल्या की यादीच्या वर शांतपणे सांगा: "खातं उघडलंत तर हे दुसऱ्या फोनवरही दिसेल." नोंदणी झाली की पाहुण्याची यादी खात्यात आपोआप मिसळली पाहिजे. अ‍ॅपबरोबर वेबसाइटही असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा: सफारी ब्राउझर २०२० पासून असा नियम पाळतो की ब्राउझर वापरल्याच्या सात दिवसांत माणूस त्या साइटकडे फिरकला नाही तर साइटने स्क्रिप्टने साठवलेली माहिती पुसून टाकायची. म्हणजे पाहुण्याची यादी तिथे आठवड्याभरात नाहीशी होऊ शकते. तिथे हे त्याला आधीच सांगणं हे आपलं कर्तव्य आहे.

आता यादी. तिची वाट खालच्या मुख्य पट्टीत असावी, तीच वाचनखूण आणि तोच शब्द घेऊन. बटणावर 'सेव्ह', यादीला 'माझा कोपरा' आणि सूचनेत 'आवडी' असं तीन नावांचं कडबोळं मी एकाहून जास्त अ‍ॅपमध्ये पाहिलं आहे. एकाच गोष्टीला सगळीकडे एकच नाव. तळाच्या पट्टीत जागा नसेल तर प्रोफाइलमध्ये पहिली ओळ तिची असू द्या, आणि नवीन माणसाने पहिल्यांदा काही ठेवलं की त्या पट्टीतल्या चिन्हाला क्षणभर हलकी हालचाल द्या. गोष्ट कुठे गेली हे त्याला डोळ्यांनी दिसतं आणि ते लक्षात राहतं.

क्रम ठेवल्याच्या वेळेचा, प्रकाशनाच्या तारखेचा नाही. दोन वर्षांपूर्वीचा लेख आज ठेवला तर तो आज सर्वांत वर दिसला पाहिजे. हे सांगण्याची गरज पडू नये, पण तक्रारी येणाऱ्या अ‍ॅपमध्ये मी सर्वांत आधी हेच तपासते आणि पुष्कळदा तिथेच सापडतं. यादी एका पडद्याबाहेर गेली की शोध द्या, आणि तो शीर्षकापुरता न ठेवता लेखकाच्या नावात आणि मजकुरातही चालवा, कारण लोकांना शीर्षक आठवत नाही, आतली एखादी गोष्ट आठवते. लेख, ऑडिओ, व्हिडिओ ही वर्गवारी अ‍ॅपने आपणहून करावी.

मूळ मजकूर काढून टाकला गेला तर काय? बहुतेक अ‍ॅप ती ओळ गुपचूप गाळतात. माझ्या मते हा विश्वासघात आहे. माणसाला वाटतं आपलीच काही चूक झाली. ठेवताना शीर्षक, लेखकाचं नाव आणि छोटं चित्र यांची प्रत त्या नोंदीतच ठेवा, आणि मूळ गेलं की ओळ फिकी करून लिहा: "हा लेख आता उपलब्ध नाही." निदान काय होतं ते तरी त्याला कळतं आणि तो ते दुसरीकडे शोधू शकतो.

सेव्ह करणं आणि डाउनलोड करणं यातही घोळ होतो. खूप लोकांची समजूत असते की ठेवलं म्हणजे नेट नसतानाही दिसेल, आणि ती समजूत वावगी नाही. लेखाचा मजकूर अगदी हलका असतो, तो ठेवल्याबरोबर फोनवर उतरवूनच घ्या. व्हिडिओ जड असतो, त्याला वेगळं 'डाउनलोड' द्या आणि नेट नसताना यादीत काय उघडेल, काय नाही, हे ओळीवरच दिसू द्या.

आणि यादी बाहेर नेण्याची सोय द्या. २००७ मध्ये 'रीड इट लेटर' नावाने सुरू झालेलं, २०१२ मध्ये 'पॉकेट' झालेलं आणि २०१७ मध्ये फायरफॉक्स ब्राउझरवाल्या मोझिलाकडे गेलेलं अ‍ॅप ८ जुलै २०२५ ला बंद झालं. लोकांची वर्षानुवर्षांची वाचनं त्यात होती. यादी उतरवून घ्यायची सोय होती म्हणून ती वाचवता तरी आली. तुमचं अ‍ॅप बंद होणार नाही असं तुम्हाला वाटत असलं तरी ठेवणाऱ्याच्या बाजूने विचार करा. ती यादी त्याची आहे.

आता सर्व्हरकडे वळते, कारण "मी ठेवलं होतं, गेलं" या तक्रारीचं मूळ कित्येकदा पडद्यावर नसून तिथे असतं. एका अ‍ॅपमध्ये आम्ही आठवडाभर हा दोष शोधत होतो. कार्यालयात कधीच दिसायचा नाही. शेवटी सहकाऱ्याने फोन घेऊन लिफ्टमध्ये जाऊन पाहिलं. खूण दाबली, भरीव झाली. विनंती सर्व्हरपर्यंत पोचली, नोंद झाली, पण उत्तर परत येईपर्यंत सिग्नल तुटला. अ‍ॅपला वाटलं विनंती गेलीच नाही, म्हणून त्याने ती पुन्हा पाठवली. आणि ती विनंती "स्थिती उलटी कर" अशी होती. पहिल्यांदा ठेवलं, दुसऱ्यांदा काढलं. पडद्यावर खूण भरीव, सर्व्हरवर नोंद नाही.

उपाय साधा आहे. "उलटं कर" असं कधीच पाठवू नका. "हे ठेवलेलं असावं" किंवा "हे ठेवलेलं नसावं" अशी हवी ती स्थिती पाठवा. मग तीच विनंती पाच वेळा गेली तरी परिणाम एकच. डेटाबेसमध्ये वापरकर्ता आणि गोष्ट या जोडीवर अनन्यतेचं बंधन घाला, म्हणजे दुहेरी नोंद होणारच नाही. नेट नसताना केलेली ठेव-काढ फोनवर रांगेत ठेवा, प्रत्येकावर वेळेची नोंद असू द्या, आणि नेट आलं की पाठवा. काढलेल्या गोष्टीची नोंद लगेच पुसून टाकू नका, 'काढली' अशी खूण करून काही काळ ठेवा. नाहीतर दुसरा फोन, जो दोन दिवस बंद होता, तो उघडल्याबरोबर त्याच्या जुन्या यादीतून ती गोष्ट परत जिवंत करतो. काढून टाकलेलं परत येणं हे ठेवलेलं गायब होण्याइतकंच त्रासदायक असतं.

आणि विनंती शेवटी फसलीच तर? खूण गुपचूप पोकळ करू नका. माणूस तोवर पुढे गेलेला असतो, ते त्याला दिसणारच नाही. फोनवर ठेवा, यादीत दाखवा, ओळीवर "अजून पाठवायचं आहे" अशी बारीक खूण करा.

रंग नीट न दिसणाऱ्या आणि दृष्टिहीन वाचकांसाठी दोन गोष्टी विसरू नका. बटणाची स्थिती नुसत्या रंगाने सांगू नका, पोकळ आणि भरीव असा आकारातला फरक हवा. आणि स्क्रीन रीडरला, म्हणजे पडदा वाचून दाखवणाऱ्या सोयीला, बटणाचं नाव व दाबलेलं आहे की नाही ही अवस्था या दोन वेगळ्या गोष्टी म्हणून द्या. नावही बदललं आणि अवस्थाही बदलली तर "सेव्हमधून काढा, दाबलेलं" असं काहीतरी ऐकू येतं, आणि ऐकणाऱ्याला आता ठेवलेलं आहे की नाही तेच कळत नाही. यादीभर नुसतं "सेव्ह, बटण" असं ऐकू येण्यापेक्षा नावात लेखाचं शीर्षकही येऊ द्या.

मराठीत अ‍ॅप असेल तर आणखी एक अडचण येते, जी इंग्रजीतून मजकूर बेतणाऱ्याच्या लक्षातच येत नाही. लेख सेव्ह केला, मुलाखत सेव्ह केली, गाणं सेव्ह केलं. 'आवडता', 'आवडती', 'आवडतं' यांचंही तेच. एकच वाक्य घेऊन मध्ये गोष्टीचं नाव भरलं की "मुलाखत सेव्ह केला" असं अशुद्ध काहीतरी उमटतं आणि अ‍ॅप परकं वाटतं. एक तर प्रत्येक प्रकारासाठी वेगळं वाक्य लिहा, नाहीतर नामच टाळा: "सेव्ह झालं", "यादीत आहे", "यादीतून काढलं". मला दुसरा मार्ग बरा वाटतो, तो पट्टीवर मावतोही. 'जतन करा' की 'सेव्ह करा' यावर माझा कौल 'सेव्ह'ला आहे, कारण बोलताना लोक तेच म्हणतात. पण तुमचं बाकीचं अ‍ॅप शुद्ध मराठीत असेल तर 'जतन' घ्या आणि मग तेच सगळीकडे ठेवा.

चारांचं एक करताना जुन्या साठ्याचं काय करायचं हा सर्वांत नाजूक भाग आहे. वाचनखुणा, 'नंतर पाहा' आणि याद्यांमधलं सगळं एका 'सेव्ह' यादीत आणा, मूळ ठेवल्याच्या तारखांसकट. याद्या होत्या त्याच नावाने, त्याच क्रमाने संग्रह म्हणून राहू द्या. हृदयांचं मात्र सरसकट मिसळू नका. ज्याने वर्षभर सहज म्हणून शेकडो हृदयं दिली असतील त्याच्या नीट लावलेल्या वीस गोष्टी त्या पुरात वाहून जातील. ती 'पूर्वी आवडलेलं' अशा वेगळ्या संग्रहात ठेवा, ज्याला हवं तो उघडेल. बदलानंतर पहिल्यांदा यादी उघडली की एकदाच, दोन ओळींत सांगा की काय कुठे गेलं. आणि काहीही पुसू नका. लोक बदललेली जागा माफ करतात, हरवलेली वस्तू करत नाहीत.

मोजायचं काय, तेही आधी ठरवा, नाहीतर महिन्याभराने वरिष्ठ विचारतील की सेव्हचा आकडा खाली का गेला. तो जाईलच, कारण आधी एकाच लेखाला कोणी हृदय आणि खूण असं दोन्ही देत होतं, ते आता एकदाच मोजलं जाणार. हे बदलाच्या आधीच सांगून ठेवा. खरा आकडा हा की ठेवलेल्यापैकी किती गोष्टी तीस दिवसांत यादीतून परत उघडल्या गेल्या. दुसरा, यादी उघडल्यापासून काहीतरी उघडेपर्यंत किती वेळ लागला. तिसरा, ठेवून दोन-तीन सेकंदांत काढलेल्यांचं प्रमाण. ते वाढलं तर समजा बटण चुकून लागतंय, त्याची जागा पाहा. आणि सपोर्टकडच्या "सापडत नाही" या तक्रारी स्वतः वाचा, नुसत्या मोजू नका.

कामाचा क्रम विचाराल तर आधी सर्व्हरवरची ती "उलटं कर" विनंती शोधा, कारण ती असेल तर वरचं सगळं रंगकाम ठरेल. मग यादीची वाट आणि क्रम. त्यानंतर बटणं एक करा. संग्रह सर्वांत शेवटी. आणि यातलं काहीही सुरू करण्याआधी, या आठवड्यात, तुमचं अ‍ॅप रोज वापरणाऱ्या पाच जणांना गाठा आणि त्यांना म्हणा, "गेल्या महिन्यात ठेवलेली एक गोष्ट दाखवा." काही बोलू नका, मदत करू नका, फक्त त्यांचं बोट कुठे कुठे जातं ते लिहून घ्या. कोणी गॅलरी उघडली तर तेही लिहा.